उंबरठ्यावरची प्रत

प्रत ठेवण्याची सवय आपल्या घरांना नवी नाही. पत्र धाडण्याआधी त्याची नक्कल बांधीव वहीत उतरवून घेणारे आणि महत्त्वाच्या दस्तऐवजाच्या तीन प्रती करून तिन्ही निरनिराळ्या ठिकाणी ठेवणारे कारकून आपल्याच वाडवडिलांत होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले, नागपूरचे राजधानीपण संपले, आणि सचिवालयाच्या पाठोपाठ आपल्यापैकी कित्येक कुटुंबे भोपाळला येऊन तात्या टोपे नगरच्या सरकारी क्वार्टरांत राहू लागली. त्या स्थलांतराच्या ज्या कथा आम्ही जवाहर चौकात लहानपणापासून ऐकल्या, त्यांत माणसांइतकाच मान कागदांना असे. अमुक फाइल नागपूरहून निघाली पण भोपाळला पोचली नाही, हे वाक्य आमच्या वडिलांच्या तोंडी एखाद्या बेपत्ता नातेवाइकाचे नाव यावे तसे येई.

12 जून 2023 रोजी सातपुडा भवनाला आग लागली तेव्हा आमच्या गच्चीवरून धुराचा लोट दिसत होता. तिसऱ्या मजल्यावर पेटलेली ती आग वरच्या मजल्यांवर पसरली, रात्रभर धुमसत राहिली, आणि आरोग्य विभागासह अनेक कार्यालयांच्या हजारो फायलींची राख झाली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. दुसऱ्या दिवशी चौकातल्या चहाच्या टपरीवर जमलेल्या निवृत्त मंडळींत चर्चा होती ती एकाच गोष्टीची. आग कशी लागली, याचे कुतूहल कोणालाच फारसे नव्हते. सर्वांनी विचारले ते एवढेच, की प्रत होती का?

हा प्रश्न आता संगणकाला विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर आपल्याला वाटते तितके सोपे नाही, हे आम्हांला पुढे कळले. त्या आगीनंतर आमच्या काही स्नेह्यांनी मिळून जुन्या घरांतील पत्रे स्कॅन करून ठेवण्याचे काम हाती घेतले. स्मार्ट सिटीच्या योजनेत तात्या टोपे नगरच्या जुन्या क्वार्टरांचा मोठा भाग पाडला गेला आहे; घर रिकामे करताना पहिला बळी कागदांचा जातो, तेव्हा घाई होतीच. संगणकावर लिनक्स ही विनामूल्य आणि मुक्त प्रणाली घातली. रोज रात्री बॅकअप घेणारी एक आज्ञावली मात्र एका विक्रेत्याकडून पैसे देऊन घेतली. वर्षभर सारे सुरळीत चालले. पुढे 2024 च्या पावसाळ्यात प्रणालीची नवी आवृत्ती आपोआप बसली आणि तिच्याशी त्या आज्ञावलीचे एक मॉड्यूल जुळेना. बॅकअप थांबला. तो थांबल्याची सूचना विक्रेत्याकडे जात होती. आमच्यापर्यंत ती आली नाही. सात आठवड्यांनी संगणकाची डिस्क निकामी झाली. त्या सात आठवड्यांत तीन घरांची पत्रे स्कॅन झाली होती. दोन घरांनी मूळ कागद जपले होते, ते पुन्हा स्कॅन करता आले. तिसऱ्या घराने, आता संगणकात आहेतच म्हणून, क्वार्टर सोडताना सगळी रद्दीत दिली होती. 1957 ते 1961 या काळात नागपूरच्या सासूने भोपाळच्या सुनेला लिहिलेली ती एकसष्ट पत्रे होती.

आमचा भाचा पुण्यात याच बॅकअपच्या व्यवसायात आहे. पुणे हे या धंद्याचे जुने गाव. व्हेरिटास कंपनीचे नेटबॅकअपचे काम तेथे वर्षानुवर्षे चालले, आणि 2008 साली स्थापन झालेली द्रुवा ही बॅकअपचीच कंपनी पुण्यातच जन्मली. दिवाळीला तो आला तेव्हा आम्ही त्याला विचारले, की ज्या प्रणालीवर जगातले निम्म्याहून अधिक कारभार चालतात असे तू सांगतोस, तिच्यात बॅकअपसाठी लागणारे मॉड्यूल मुळातच का नाही? बाहेरून आणून जोडावे का लागते? तो हसला आणि म्हणाला, "मामा, हा प्रश्न आमच्या धंद्यातले लोक कितीतरी वर्षं विचारतायत. उत्तर ऐकायला वेळ आहे का?" आम्हांला वेळच वेळ होता.

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. सैन्यातल्या कर्नलाशी त्याचा संबंध नसला, तरी शिस्तीचा कडकपणा तेवढाच आहे. संगणकाची डिस्क, स्मृती, पडदा, जाळे या सर्वांशी बोलण्याचा अधिकार या गाभ्याचा. बाकीच्या आज्ञावल्या त्याच्यामार्फतच काम करवून घेतात. बॅकअप घेणाऱ्याची अडचण समजावून घ्यायची तर चोपडीचा दाखला पुरे. एक कारकून खतावणीची नक्कल करीत बसला आहे, आणि त्याच वेळी दुसरा त्याच खतावणीत नोंदी करतो आहे. पहिला पन्नासाव्या पानावर असताना दुसऱ्याने दहाव्या पानावर नावे टाकलेली रक्कम साठाव्या पानावर जमा केली, तर नकलेत जमा दिसेल आणि नावे दिसणार नाही. प्रत पुरी झाली, पण ती कोणत्याच क्षणाच्या खतावणीची नव्हे. दुकान बंद करून नक्कल करावी, तर रुग्णालये, बँका आणि रेल्वेचे आरक्षण यांचे दुकान कधीच बंद नसते.

तोडगा असा. नक्कल सुरू होताच नोंद करणाऱ्याशेजारी एक पहारेकरी बसवायचा. कोणत्याही पानात बदल होण्यापूर्वी त्या पानाची जुनी प्रत तो एका तबकात काढून ठेवतो आणि मगच लेखणी चालू देतो. नक्कल करणाऱ्याने प्रत्येक पानासाठी आधी तबक पाहायचे. तेथे असेल तर तेथून घ्यायचे, नसेल तर चोपडीतून. अशा रीतीने मिळालेली नक्कल अचूक त्या एका क्षणाची ठरते. याला स्नॅपशॉट म्हणतात. हाच पहारेकरी कोणकोणती पाने बदलली याची यादीही ठेवतो, म्हणजे उद्याच्या रात्री सगळी चोपडी न उतरवता तेवढीच पाने उतरवली की झाले. तबक भरून वाहू लागले, तर मात्र त्या रात्रीची नक्कल टाकून द्यावी लागते.

पहारेकऱ्याला बसायला जागा हवी, आणि ती जागा गाभ्याच्या आत, थेट डिस्कच्या दाराशी आहे. लिनक्समध्ये बाहेरच्या माणसासाठी तेथे पाट मांडलेला नाही. मग वीम, डाटो यांसारख्या कंपन्यांनी आपापली मॉड्यूले लिहिली, त्यांचा मजकूर सर्वांना वाचायला खुला ठेवला, आणि दारावरची पाटी बदलून आपला पहारेकरी आत बसवला. डिस्ककडे जाणारी विनंती ज्या पत्त्यावर जाते तो पत्ता गुपचूप बदलायचा आणि विनंती आपल्या हातून पुढे पाठवायची, अशी ती युक्ती. वर्षानुवर्षे ती चालली. गाभ्याची अंतर्गत रचना बाहेरच्यांच्या सोयीसाठी स्थिर ठेवायची नाही, हे त्या मंडळींचे जाहीर धोरण आहे. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिहिलेला त्यावरचा मजकूर गाभ्याच्या कागदपत्रांतच ठेवलेला आहे. 2020 च्या ऑक्टोबरात आलेल्या 5.9 या आवृत्तीत घराची अंतर्गत मांडणी बदलली आणि पाटी बदलण्याची ती जागाच नाहीशी झाली. ज्यांचे मॉड्यूल गाभ्यातच होते त्यांच्या वस्तू मांडणी बदलणाऱ्यांनीच नव्या जागी नेऊन ठेवल्या. बाहेरच्यांच्या वस्तूंना हात लावण्याचे त्यांना कारण नव्हते. आमच्या संगणकाची गत अगदी तीच नसली, तरी त्याच जातीची होती.

म्हणून वीमचे सर्गेई श्टेपा यांनी 2020 च्या ऑक्टोबरातच सरळ मार्ग धरला. मॉड्यूल गाभ्यातच घ्या, असा अर्ज त्यांनी केला. अर्ज म्हणजे बदलांचे तुकडे, ज्यांना पॅच म्हणतात. ते ई-मेलने सर्वांसमोर पाठवायचे. कोणीही प्रश्न विचारू शकतो, आणि त्या विभागाच्या राखणदाराचे समाधान होईपर्यंत पुढे सरकता येत नाही. त्यांना सांगण्यात आले, की अशा कामासाठी डिव्हाइस मॅपर नावाची व्यवस्था आधीपासून आहे, तिच्याशी जोडून घ्या. 2021 च्या पूर्वार्धात त्यांनी तसे करून पाहिले. आवृत्तीमागून आवृत्ती पाठवली. पण डिव्हाइस मॅपरचा पाया घर बांधतानाच घालावा लागतो. नांदत्या घरात, माणसे जेवत असताना, तो घालायचा कसा, हा प्रश्न सुटेना. 2022 च्या जूनमध्ये त्यांनी नव्याने रचलेले काम ब्लकस्नॅप या नावाने, वीस तुकड्यांत सादर केले. आता परीक्षकांतील काहींनी रचना सुधारायला स्वतः हातभार लावला. आणि शंकाही अधिक खोल निघाल्या. डिस्कवर लिहिताना मजकूर कूटबद्ध करण्याचे काम डिस्कचीच यंत्रणा करीत असेल, तर पहारेकऱ्याच्या हाती उघडा मजकूर येईल, आणि तबकात तो उघडाच पडेल, त्याचे काय? या शंकेला उत्तर म्हणून पुढच्या आवृत्तीत, अशा डिस्कवर हे मॉड्यूल बसणारच नाही, अशी तजवीज करावी लागली. तबक कोठे ठेवायचे, त्याच चोपडीच्या कपाटात ठेवले तर पहारेकरी स्वतःच्याच पावलांची नोंद करीत बसेल का, यावरही खल झाला. 2024 पर्यंत आवृत्त्या येत राहिल्या आणि मॉड्यूल उंबरठ्यावरच राहिले.

हे ऐकताना आम्हांला जुन्या सचिवालयातील टिप्पण्यांची आठवण झाली. फाइल वर जाते, शेरा मारून खाली येते, पुन्हा वर जाते. आम्ही भाच्याला तसे म्हटलेही. त्याला ते पटले नाही. तो म्हणाला, "मामा, तिथं फाइल दाबून ठेवत नाहीत. प्रत्येक शेऱ्याला कारण असतं आणि ते सगळ्यांना वाचता येतं. फक्त, चालतंय हे कारण तिथं पुरेसं नसतं. ते विचारतात, तू गेल्यावर हे कोण सांभाळणार?"

मग त्याने पुण्याची गोष्ट सांगितली, आणि ती आम्हांला या साऱ्या प्रकरणाचा गाभा वाटते. 2010 साली इस्रायलमधील सीटेरा या कंपनीचे अमीर गोल्डस्टीन यांनी लिनक्सच्या एक्स्ट3 या फाइल-व्यवस्थेत स्नॅपशॉटची सोय करून नेक्स्ट3 तयार केले. त्यात पहारेकरी डिस्कच्या दाराशी नव्हता. फाइली मांडणाऱ्या कारकुनालाच ते काम शिकवले होते. मजकुराचे जुने पान जागच्या जागी राहू द्यायचे आणि नवा मजकूर नव्या पानावर लिहायचा, ही त्यातली हुशारी. पण एक्स्ट3 हे तोवर म्हातारे झाले होते. त्यात नवे काही घालण्याची कोणाची तयारी नव्हती. करायचे तर एक्स्ट4 मध्ये करा, असा सल्ला मिळाला. एक्स्ट4 मध्ये मजकुराच्या जागा नोंदवण्याची पद्धतच निराळी, त्यामुळे हे काम नव्याने मांडावे लागणार होते. त्या कामात पुण्याचे चार अभियांत्रिकी विद्यार्थी उतरले. आडनावांवरून चौघेही आपलेच. बॅकअपसाठी काम थांबवावे लागू नये, हा हेतू त्यांनी आपल्या निबंधाच्या आरंभीच मांडला आहे. नेक्स्ट4 या नावाने तो 2014 साली अर्काइव्ह या मुक्त संग्रहात प्रसिद्ध झाला.

2011 च्या मध्यास गोल्डस्टीन यांनी एक्स्ट4 च्या स्नॅपशॉटचे पॅच परीक्षणासाठी पुढे ठेवले. आक्षेप असा आला, की ही फाइल-व्यवस्था असंख्य यंत्रांवर शांतपणे चालते आहे, तिच्या पोटात एवढी गुंतागुंत कशासाठी घालायची? डिव्हाइस मॅपरमध्ये नव्या धर्तीचे स्नॅपशॉट होऊ घातले आहेत, बीटीआरएफएसमध्ये ते आहेतच. 2012 च्या जानेवारीत 3.2 आवृत्तीबरोबर डिव्हाइस मॅपरची ती सोय खरोखरच आली, आणि एक्स्ट4 मधले स्नॅपशॉट बाहेरच राहिले.

येथे ही कथा संपली असती तर ती आपल्याकडील हुशार मुलांच्या वाया गेलेल्या प्रकल्पांच्या यादीत जमा झाली असती. पण त्या चौघांतील हर्षद शिरवाडकर पुढे गूगलमध्ये गेले आणि त्यांनी त्याच एक्स्ट4 मध्ये फास्ट कमिट नावाची सोय लिहिली. बदल झालेले सबंध पानच्या पान रोजकीर्दीत न उतरवता, काय बदलले याची त्रोटक नोंद करून वेळ वाचवायचा, असे तिचे स्वरूप. 2020 च्या डिसेंबरात 5.10 आवृत्तीत ती गाभ्यात दाखल झाली. गोल्डस्टीन हेही आज लिनक्सच्या फाइल-व्यवस्थांच्या राखणदारांत गणले जातात. ज्यांचे मॉड्यूल परत पाठवले, त्या माणसांना त्याच घराने आत घेतले. आम्ही भाच्याला म्हणालो, की आम्ही या गावात आलो तेव्हा आमच्या बाबतीतही काहीसे असेच झाले असावे. आमच्या बरोबर आणलेल्या कितीतरी गोष्टी भोपाळने घेतल्या नाहीत, आम्हांला मात्र घेतले. त्याने मान डोलावली, पण त्याला मागच्या पिढीच्या तुलनांचा कंटाळा येतो हे आम्हांला ठाऊक आहे.

राखणदारांची बाजू आम्हांला पटते, पण सबंध पटत नाही. पटते ती अशी. गाभ्यात आलेली प्रत्येक ओळ पुढची वीस-पंचवीस वर्षे कोणीतरी सांभाळायची असते, आणि ज्या कंपनीने ती आणली तिचे धोरण उद्या बदलू शकते. विकली गेलेली कंपनी आपण पाहतो, तशी अनाथ झालेली मॉड्यूलेही असतात. एका घरासाठी सार्वजनिक भिंतीला दार पाडून द्यायचे नाही, किमान दोन-चार घरांना त्याची गरज असली पाहिजे, हा आग्रहही रास्त आहे. एक्स्ट4 ला 2011 साली नकार देणाऱ्यांनी, आमच्या मते, बरोबरच केले; पर्यायी सोय तयार होत होती आणि ती झालीही.

ब्लकस्नॅपच्या बाबतीत मात्र गरज एका घराची नाही. वीम, डाटो आणि आणखीही कित्येक जण तेच काम निरनिराळ्या युक्त्यांनी करतात, आणि प्रत्येकाचे मॉड्यूल त्याच डिस्कच्या दाराशी, परीक्षणाशिवाय, चोरपावलांनी बसते. आत एक तपासलेला पहारेकरी बसवण्याचे टाळले, म्हणून बाहेरचे दहा न तपासलेले पहारेकरी येणे थांबत नाही. दर नऊ-दहा आठवड्यांनी गाभ्याची नवी आवृत्ती निघते, आणि त्या दहांपैकी कोणाचे ना कोणाचे पाऊल अडखळते. ते अडखळल्याचे रुग्णालयाला, पतपेढीला, किंवा चार म्हाताऱ्यांच्या पत्रसंग्रहाला कळते ते डिस्क गेल्यावर. या नुकसानीचा हिशेब कोणत्याच पॅचच्या खाली मांडलेला आम्हांला सापडला नाही. भाच्याने दाखवलेली चर्चा आम्ही जमेल तितकी वाचली. तीत यंत्राची काळजी आहे, रचनेची आहे, पुढच्या राखणदाराची आहे. ज्याच्या चोपडीची नक्कल राहून गेली तो तीत क्वचितच डोकावतो. श्टेपा यांच्या चिकाटीचे आम्हांला कौतुक वाटते ते यामुळे. चार वर्षे एकाच दाराशी, प्रत्येक शेऱ्याला न चिडता उत्तर देत, पुन्हा पहिल्यापासून लिहीत उभे राहणे सोपे नाही.

भाच्याने जाण्यापूर्वी आमच्या नव्या संगणकावर डिव्हाइस मॅपरवर आधारलेली व्यवस्था मांडून दिली. घर नव्यानेच बांधायचे असल्याने पाया घालताना अडचण आली नाही, आणि ही व्यवस्था गाभ्यातलीच असल्यामुळे आवृत्ती बदलली तरी तिचे सामान हलवणारे आतच आहेत. त्याने आम्हांला आणखी एक शिकवले. महिन्यातून एकदा कोणतेही एक पत्र प्रतीतून परत काढून, पडद्यावर उघडून, वाचून पाहायचे. आम्ही ते पहिल्या तारखेला करतो आणि वहीत सही करतो. दर तिमाहीस एक डिस्क कोणाच्या तरी बरोबर इंदूरला आमच्या आत्याच्या नातवाकडे जाते; तेथली जुनी येथे परत येते.

तिसऱ्या घरातील वहिनींना आम्ही सारे सांगितले. त्यांनी सासूबाईंच्या पत्रांतले जे आठवते ते बोलून दाखवले: संत्री पाठवल्याचा मजकूर, दिराच्या बदलीची खटपट, भोपाळच्या पाण्याने केस गळतात या तक्रारीवर सुचवलेले तेल. आम्ही ते उतरवून घेतले. यादीत मात्र 214 ते 274 हे क्रमांक आम्ही तसेच ठेवले आहेत. पुढील घराची पत्रे 275 पासून सुरू होतात.